पेटीतला आजोबांचा कोट लग्नात घालायचाय का भो?

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या फोनवर कोटांचे फोटो सुरू होतात. पेटीत आजोबांचा निघाला, घालू का, एवढाच प्रश्न. मी काही टेलर नाही, पण आमच्या आप्पांचे दोन कोट मी नीट करायला घेतले होते, त्यातल्या एकाची वाट लागली आणि एक अजून घालतो, म्हणून सांगतो.

आधी खांदा बघा, बाकी सगळं नंतर. कोट घालून भिंतीला बाजूने खेटून उभं राहायचं. दंड टेकायच्या आधी कोटाचं पॅड दबलं तर खांदा मोठा आहे, आणि बाहीच्या वरच्या टोकाला दंड बाहेर फुगून दिसला तर लहान. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवा, पॅड काढा, कॉलर हलवा, त्यात नवा कोट होतो. असा कोट घडी करून परत ठेवून द्या, हट्ट करू नका. पोटाचं मात्र टेन्शन नाही. जुने टेलर शिवणीत आतून कापड सोडायचे, अस्तर जरासं उसवलं की मार्जिन दिसतं, इंच-दीड इंच सहज सुटतो. फक्त दिवसाच्या उजेडात बघून घ्या, बाहेरचा रंग उडालेला असतो आणि आतलं कापड गडद असतं, मग सोडल्यावर तिथे उभी पट्टी दिसते.

कापड कोणतं ते ओळखायला त्याच मार्जिनमधला एक धागा ओढा आणि काडी लावा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. वितळून टणक काळा मणी झाला तर टेरिलीन, म्हणजे पॉलिस्टर. दोन्ही थोडंथोडं झालं तर टेरीवूल, घरोघरी तेच जास्त निघतं. लोकरीला कसर (लोकर खाणारी कीड) लागलेली असू शकते, म्हणून कोट उलटा करून दोन-तीन तास कडक उन्हात टाका आणि कॉलरखाली, खिशांच्या कोपऱ्यात ब्रश मारा. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. बारीक भोकं रफूवाल्याकडे द्या, मशीनचा टाका मारू देऊ नका.

आता इस्त्री. माझा पहिला कोट इथेच गेला. एका इस्त्रीवाल्याला दिला, त्याने गरम इस्त्री थेट लोकरीवर फिरवली आणि कोपरं, कॉलर असे चकाकायला लागले की जणू तेल लावलंय, ती चमक काही गेली नाही. वर ओलं सुती फडकं ठेवायचं (जुन्या धोतराचं सगळ्यात भारी), इस्त्री ओढायची नाही, दाबून उचलायची. आणि कॉलरची पुढची घडी सपाट करू नका, ती गोलसर वळलेलीच चांगली दिसते.

पँट असेल तर ती बेंबीवर घालून बघा. आजकालची पोरं ती कमरेखाली ओढतात आणि मग म्हणतात बैठक लोंबते. ती शिवलेलीच वर घालायला असते. आत बटणं दिसली तर गॅलिससाठी (पँट धरून ठेवणारे खांद्यावरचे पट्टे) आहेत, गॅलिस लावलं तर बेल्ट नाही, दोन्ही एकदम नाही.

बटणांचा नियम सोपा आहे तरी लोक चुकतात. साधा सिंगल ब्रेस्ट कोट (पुढे दोन-तीन बटणांची एकच रांग) असेल तर सगळ्यात खालचं बटण कधीच लावायचं नाही. इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचं पोट सुटलं म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात, खरंखोटं तो जाणे. बसताना वरचीही सोडायची, उठलं की लावायची. डबल ब्रेस्ट (बटणांच्या दोन रांगांचा) मात्र बसल्यावरही बंद ठेवायचा. शर्टाची कफ बाहीतून साधारण अर्धा इंच बाहेर दिसली पाहिजे.

पण आपल्या पेट्यांमधून बऱ्याचदा सूट निघतच नाही, धोतर-टोपीवर घालायचा बंद गळ्याचा कोट निघतो. त्याला वरचा नियम लावू नका. सगळी बटणं बंद, गळ्याचा हुकसुद्धा बंद, टाय नाही. मी एकदा गळा उघडा टाकून स्टाईल मारत गेलो तर अमळनेरच्या एका बाबांनी पंगतीत विचारलं, "हाऊ कोट आप्पाना शे ना रे भो?" (हा कोट आप्पांचा आहे ना रे?) आणि स्वतःच्या हाताने हुक लावून दिला.

टक्सिडोचं एक सांगतो आणि पुढे जातो. तो संध्याकाळचा कपडा आहे, सहानंतरचा, काळा बो आणि कॉलरवर रेशमी कापड. दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला त्यात उभं राहिलं की फोटो येतो पण पोशाख चुकतो. गोरज मुहूर्त असेल तर एकवेळ चालेल. आणि एप्रिल-मे मध्ये, जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर असताना लोकरीचा कोट कोणत्याच मुहूर्ताला नको, तो डिसेंबर-जानेवारीच्या लग्नांसाठी राखून ठेवा.

मंडपात साहेबी शिष्टाचार सगळाच्या सगळा चालत नाही. तिकडे छपराखाली गेलं की हॅट काढतात, आपल्याकडे टोपी-फेटा मंडपात डोक्यावरच राहतो, बोडकं डोकं उलट जुन्या माणसांना खटकतं. बूट काढावे लागतात आणि ते मेव्हण्या लपवतात, म्हणून मोजे नीट घाला, अंगठा बाहेर आला की वरचा सगळा थाट गेला. खाली पंगतीला बसायचं असेल तर मी कोट काढून बाजूच्याकडे देतो, कारण वरण-बट्टीचं तूप बाहीवरून निघत नाही. यजमान कोट घालून बसलेत म्हणून आपणही बसावं असं पुस्तकी लोक म्हणतील, त्यांनी बट्टी कुस्करून बघावी.

रात्री घरी आल्यावर लगेच पेटीत टाकू नका. घाम आणि सांडलेलं अन्न कसरीला आवडतं. रुंद खांद्याच्या हँगरवर दोन दिवस हवेशीर लटकवा, तारेचा हँगर खांदा बिघडवतो. हळदीचा डाग पडला असेल तर साबण चोळू नका, लगेच लाल होतो. तेवढाच भाग सकाळच्या उन्हात धरून ठेवा, हळदीचा रंग उन्हात हळूहळू उडतो, दोन-तीन दिवस लागतील.