शाळेच्या मराठी प्रश्नपत्रिका खुल्या स्वरूपात कशा आणाव्यात

नाशिक शहरातील असो वा सुरगाणा-पेठ भागातील, मराठी शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि स्वाध्यायपत्रिका बहुधा डीटीपीवाल्याकडे पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेल्या असतात. शाळेच्या कपाटात छापील प्रत आणि फार तर सीडी असते. एखादा प्रश्न बदलायचा म्हटले की पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढावी लागते. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची आहे. त्या फाइली शाळेच्या संगणकावर उघडता व दुरुस्त करता याव्यात, यासाठी काय करावे ते येथे सांगितले आहे.

आरंभ फाइलच्या प्रकारापासून न करता अक्षरांपासून करावा. श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवण्याचे काम तेवढे तो फॉन्ट करतो. असा मजकूर ओडीटीसारख्या खुल्या, म्हणजे कोणा एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेल्या, फाइलमध्ये ठेवला, तरी तो त्या एका फॉन्टच्याच ताब्यात राहतो. म्हणून प्रत्येक फाइलमधील एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. मराठी तशीच दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत आहे. भलतीच अक्षरे आणि चिन्हे दिसली तर आधी रूपांतर करावे लागेल. पेजमेकरच्या ६ व ७ या आवृत्त्यांतील फाइली लिबरऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या ड्रॉ या चित्रे काढण्याच्या भागात उघडून पाहता येतात. मांडणी विस्कटली तरी मजकूर हाती लागण्याची शक्यता असते.

रूपांतर करणारी साधने मोफत मिळतात, मात्र ज्या फॉन्टसाठी साधन केले आहे तोच आपला फॉन्ट आहे ना, हे आधी पाहावे, कारण एकाच घराण्यातील फॉन्टांचेही संकेत वेगळे असू शकतात. त्यानंतरचे मुद्रितशोधन माणसानेच करावे आणि ते विषयशिक्षकाने करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे या नेहमीच्या चुकण्याच्या जागा. भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेतील ‘सह्याद्रीतील दऱ्या’ रूपांतरानंतर ‘सह्याद्रीतील दर्या’ झाल्या, तर डोंगरात समुद्र अवतरतो आणि शब्द तपासणाऱ्या सुविधेला त्यात वावगे काही दिसत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच आहेत. गणिताची सूत्रे रूपांतरित करण्याच्या भानगडीत न पडता ती लिबरऑफिसच्या मॅथमध्ये नव्याने लिहावीत.

आता फाइलचे स्वरूप. ओडीटी हे ओपनडॉक्युमेंट कुटुंबातील स्वरूप २००५ साली ओएसिस या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केले आणि २००६ साली ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणक झाले. वर्डचे डॉक्स हेही २००८ पासून आयएसओ प्रमाणक आहे, त्यामुळे त्याला सरसकट बंदिस्त म्हणणे योग्य नाही. परंतु वर्ड नेहमीच्या वापरात त्या प्रमाणकाचा जो प्रकार जतन करतो, त्यात जुन्या वर्डच्या सवयी सांभाळण्यासाठी ठेवलेल्या तरतुदी असतात, आणि त्या इतर सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब उतरतीलच असे नाही. खरे जुने बंदिस्त स्वरूप म्हणजे २००७ पूर्वीच्या वर्डची डॉक फाइल. खुलेपणा प्रत्यक्ष पाहायचा असल्यास ओडीटी फाइलची प्रत काढावी, तिच्या नावाचा शेवट बदलून झिप करावा आणि ती उघडावी. आतील कंटेंट नावाची एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडली की खुणांच्या जंजाळात आपलाच ‘प्रश्न १ ला’ वाचता येतो, म्हणजे उद्या लिबरऑफिस नसले तरी मजकूर वाचता येईल.

लिबरऑफिस मोफत आहे, आणि इंटरनेट अडखळणाऱ्या शाळेत ते पेनड्राइव्हवर नेऊनही बसवता येते. बसवल्यावर टूल्समधील ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ ही देवनागरीसारख्या लिप्यांची सोय सुरू करून मराठी निवडावी. हे राहून गेल्यास पुढे वैताग होतो, कारण इंग्रजी आणि देवनागरी यांचे फॉन्ट व आकार तेथे स्वतंत्रपणे ठरतात. देवनागरीसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हे मुक्त परवान्याचे फॉन्ट घ्यावेत. गुणांचे आकडे उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार दाबत बसू नये. टॅबची खूण लावावी किंवा कडा नसलेला तक्ता वापरावा, कारण फॉन्ट बदलताच सरकतात ते मोकळ्या जागांवर उभे केलेले आकडे.

मूळ प्रत नेहमी ओडीटीत ठेवावी. छपाईसाठी पीडीएफ काढताना ‘हायब्रिड पीडीएफ’ हा पर्याय निवडावा. त्यामुळे मूळ फाइल पीडीएफच्या पोटात राहते, ती कोणालाही वाचता येते आणि लिबरऑफिस असणाऱ्याला बदलताही येते. प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत मात्र परीक्षेपूर्वी अशी पीडीएफ शाळेबाहेर पाठवू नये. एखाद्या कार्यालयाने डॉक्सच मागितली तर वाद न घालता त्या स्वरूपात वेगळी प्रत काढून द्यावी, पण देण्यापूर्वी ती पुन्हा उघडून तक्ते आणि पानांची विभागणी तपासावी. ज्यांच्याकडे वर्ड आहे त्या शिक्षकांना ते सोडण्याची गरज नाही, कारण वर्डमध्येही ओडीटी उघडते आणि जतन होते.

डीटीपीवाल्याकडे काम द्यावेच लागले, तर दर ठरवतानाच युनिकोडमधील ओडीटी फाइल कामासोबत मिळावी, असे पावतीवर लिहून घ्यावे.