बागेतल्या लाकडाला उन्हात जपताना

बागेतला पहिला मांडव बांधला तेव्हा मी त्याला चकचकीत वार्निशचे तीन हात मारले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात ते पापुद्र्यासारखं सुटलं. नखाने उचकटलं की लांब पट्टी निघायची आणि खाली करडं, भुसभुशीत लाकूड. पारदर्शक थरातून अतिनील किरण आत जातात आणि लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निनच मोडतात. वार्निश ज्याला धरून असतं तेच सुटलं, तर वार्निश कसं टिकणार?

तेव्हापासून मी फक्त आत मुरणारं, रंगद्रव्य असलेलं तेल लावतो. ते रंगद्रव्य म्हणजेच लाकडाची सावली. मध्यम तपकिरी छटा घ्या. गडद रंगाचं बाकडं दुपारी हात लावू देत नाही, आणि जास्त तापून तडकतंही.

लाकूड आधी पूर्ण कोरडं हवं. ८० किंवा १०० नंबरचा पॉलिश पेपर पुरे, फार गुळगुळीत केलंत तर तेल आत शिरत नाही. काम दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत करा. तळहाताला लाकूड गरम लागलं तर थांबा, कारण अशा लाकडावर तेल मुरण्याआधीच वाळतं आणि ब्रशचे पट्टे उमटतात.

खरी मेहनत कापलेल्या टोकांवर घ्या. खांबाच्या माथ्यावर ब्रश टेकवा, तेल डोळ्यांदेखत नाहीसं होतं. तिथे लाकडाच्या सगळ्या नळ्या तोंड उघडून असतात, पाणीही तिथूनच शिरतं. दहा मिनिटांनी पुन्हा लावा, परत पुन्हा, पिणं थांबेपर्यंत. मी चार-पाच वेळा लावतो. खांबाचं बूड मातीत न पुरता लोखंडी बुटात, म्हणजे खांब धरून ठेवणाऱ्या लोखंडी बैठकीत, जमिनीपासून वर ठेवा. मातीतल्या ओलीपुढे कुठलंच तेल टिकत नाही.

इतरत्र १५-२० मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर ते चिकट राहून धूळ धरतं. आणि पुसलेल्या चिंध्या कधीही गोळा करून टाकू नका. वाळताना तेल तापतं, ढिगाला आपोआप आग लागू शकते. एकेक चिंधी मोकळी पसरून वाळवा.

पुढे अधूनमधून आडव्या पट्ट्यांवर पाणी शिंपडून बघा, ऊन तिथेच सर्वांत जास्त बसतं. थेंब मोत्यासारखे न राहता लाकडात जिरू लागले, की धुऊन, वाळवून एक हात द्या. खरवडायची गरज पडत नाही.