रामटेकचा गोल फेरा: अंबाळ्याकडून चढा, गावात उतरा

टेकडीवर फिरायला जायचं ठरलं की आमच्या भिशीत पहिला प्रश्न हमखास येतो, "वर पोचायला किती वेळ लागते?" हा प्रश्न मी आधी बाजूला ठेवते. चढताना सगळ्यांना हुरूप असतो, पाय ताजे असतात, ऊन कोवळं असतं. खरी भानगड उतरल्यावर सुरू होते. गुडघे बोलायला लागलेले, बाटलीत दोन घोट पाणी उरलेलं, आणि गाडी लावलेली टेकडीच्या पल्याड. म्हणून गोल फेरा आखताना शेवटाकडून मागे यायचं. कुठे उतरलो की सावली, चहा आणि परतीची सोय मिळेल, ते आधी ठरवा. चढायचं कुठून, ते मग आपोआप ठरतं.

नागपूरकरांना या कामासाठी रामटेकसारखी टेकडी नाही. शहरापासून साधारण पन्नास किलोमीटर. जबलपूर रस्त्यानं कामठी, कन्हान ओलांडून मनसरला पोचायचं आणि तिथून उजवीकडे वळायचं. एसटी आहे, शिवाय इतवारीहून रेल्वेही आहे. रूळ रामटेकलाच संपतात, त्यामुळे स्टेशन चुकायची भीती नाही. टेकडी गावाच्या वर दीडशे मीटरच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीवाले हसतील इतकी. पण भोवती सपाट धानाची शेतं असल्यामुळे तेवढ्या उंचीवरून भल्लं लांबवर दिसतं. आणि मुख्य म्हणजे वर जायला पायऱ्यांच्या दोन वेगवेगळ्या वाटा आहेत, एक अंबाळा तलावाकडून, एक गावाकडून. दोन वाटा असल्या की गोल फेरा होतो. बहुतेक लोक मात्र गाडीनं वरच्या राममंदिराजवळ जातात, दर्शन घेतात, नारळ फोडतात आणि तासाभरात खाली. त्यांना रामटेक दिसलं असं मी तरी म्हणणार नाही.

आता दिशा. अंबाळ्याकडून चढायचं आणि गावात उतरायचं, उलटं नाही. गावातून अंबाळ्यापर्यंतचा रस्ता डांबरी आहे. सकाळी गार हवेत तो मजेत कापला जातो, पण अकरा-बारा वाजता, टेकडी उतरून आल्यावर, तोच रस्ता नकोसा होतो. दुसरं कारण पायऱ्यांचं. अंबाळ्याकडचा दगड जुना, कितीतरी पिढ्यांच्या पायांनी झिजून गुळगुळीत झालेला. गुळगुळीत दगडावर चढणं सोपं, उतरणं अवघड. तिसरं कारण चहा. गावात उतरलं की टपरी, ऑटो, बसस्टँड सगळं जवळ.

वेळेचा हिशोब करायला एक जुना ठोकताळा आहे. स्कॉटलंडच्या विल्यम नायस्मिथ यांनी १८९२ मध्ये तो मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. म्हणजे सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि दीडशे मीटर चढाला पंधरा मिनिटं. हे धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचं गणित. आमच्या भिशीत कोणी न थांबता चालत नाही. कोणाला फोटो काढायचा असतो, कोणाला सुनेचा फोन येतो. म्हणून मी नायस्मिथच्या वेळेची सरळ दुप्पट करते आणि वर बसण्याचा वेळ वेगळा धरते. सगळा फेरा मग तासाभराचं दर्शन धरून चार-साडेचार तासांचा होतो. गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या बाईच्या चालीनं मोजा. आणि तिलाच पुढे ठेवा. मागे ठेवली की ती पोचेपर्यंत बाकीच्या विश्रांती घेऊन उठलेल्या असतात, आणि तिला बसायला मिळतच नाही.

महिना कोणता? ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चपासून नागपूरचं ऊन काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार दिसते, मोह पडतो, पण ओल्या झिजलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि उतारवयात खुबा मोडून घेण्याइतकी कुठलीच हिरवाई मोलाची नाही. सगळ्यात लांबवरचं बघायचं असेल तर पाऊस नुकताच सरलेला असताना जा, हवा धुतलेली असते. डिसेंबर-जानेवारीत थंडी झकास, पण सकाळी तलावावर धुकं बसलेलं असतं. ते उठेपर्यंत वर पोचण्याची घाई करू नका. रामनवमी आणि कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा टाळा. यात्रेचे दिवस यात्रेसाठी चांगले, फिरायला नव्हे.

निघायचं साडेपाचला. पोहे-तर्री खाऊन चढायला लागायचं नाही, हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कोणीतरी कन्हानला गाडी थांबवायला लावतं. तर्रीचं तेल आणि तिखट पोटात घेऊन पायऱ्या चढून बघा, मग माझी आठवण येईल. एखादं केळं, दोन बिस्किटं, चहा, बस. पोहे परतताना.

सातच्या सुमारास रामटेक. गाडी गावातच लावा, जिथे उतरणार तिथे. मग पायी अंबाळ्याकडे. टेकडी घोड्याच्या नालेसारखी वाकलेली आहे आणि तलाव तिच्या बगलेत आहे, त्यामुळे गावातून तो दिसत नाही; वळण घेतलं की एकदम समोर येतो. चहूबाजूंनी दगडी घाट, काठावर जुनी देवळं. इथे लोक पिंडदानाला, अस्थी विसर्जनाला येतात. तेव्हा घाटावर मोठ्यानं हसणं-खिदळणं नको, आणि विधी चाललेल्या माणसांचे फोटो तर मुळीच नको. दहा मिनिटं शांत बसा, बुटांच्या नाड्या घट्ट करा, पाणी प्या.

चढताना एकच नियम: बोलता बोलता धाप लागली की थांबायचं. कठड्याला टेकून मागे वळून पाहिलं तर तलाव खाली खाली जाताना दिसतो, तेवढीच विश्रांती. वर तटबंदी आणि एकामागून एक दरवाजे लागतात. वराह दरवाजाजवळ वराहाची मोठी दगडी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून जो सरपटत पार होतो तो पुण्यवान, अशी समजूत. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "ताई, तुम्ही नाही जात?" मी म्हटलं, पाप-पुण्याचं नंतर बघू, तिथे कमरेचा घेर मोजला जातो. पोट्टे मात्र पाच-पाच वेळा जातात.

गडावर आलं की धावत मुख्य मंदिराकडे जाऊ नका. नरसिंहाची दोन देवळं आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. बाहेरून अगदी साधी, चौकोनी, त्यामुळे लोक सरळ पुढे जातात. ही वाकाटक राजांच्या काळातली, पाचव्या शतकातली. आत नरसिंह एक गुडघा उभा करून बसलेला आहे, हाताशी चक्र. हिरण्यकशिपू नाही, फाडलेलं पोट नाही. देव नुसता ऐसपैस बसलाय. मोबाइलचा उजेड खालून न टाकता बाजूनं टाका, मग आयाळीचे वळसे उठून दिसतात. याच टेकडीशी प्रभावतीगुप्ताचं नाव जोडलेलं आहे, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी. नवरा गेल्यावर लहान मुलाच्या वतीनं तिनं राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट रामगिरीच्या, म्हणजे याच टेकडीच्या, स्वामीच्या पायाशी बसून दिलेला आहे. भिशीतल्या बायकांना हे सांगितलं की दोन मिनिटं तरी सगळ्या गप्प होतात.

मंदिरात आधी लक्ष्मण, मग राम. लक्ष्मणाचं देऊळ रामाच्या पुढ्यातच उभं आहे. त्यातल्या यादवकालीन शिलालेखात या टेकडीला सिंदुरगिरी म्हटलंय; इथला दगड फुटला की आतून तांबडा निघतो. चपला-बूट काढावे लागतात, आणि दहानंतर फरशी तापायला लागते. म्हणून सुती मोजे घालूनच या आणि ते पायात राहू द्या.

दर्शन झालं की तटाच्या कडेनं चाला. ज्यासाठी आलो ते इथे आहे. एका बाजूला पायाखाली अंबाळा, त्याच्या पलीकडे खिंडसीचं रुंद पाणी. फिरून दुसऱ्या बाजूला आलं की रामटेकची कौलं-पत्रे आणि मनसरकडच्या टेकड्या. उत्तरेला पेंचच्या जंगलाकडे निळसर होत गेलेल्या रांगा. नोव्हेंबरात धान कापणीला आलेलं असतं तेव्हा खालची शेतं पिवळी. तटावर चढून सेल्फी घेऊ नका. बाहेरच्या बाजूला सरळ कडा आहे. आणि झाडीत शिरणारी पायवाट दिसली म्हणून "इकडून शॉर्टकट असेल" करत घुसू नका. पायऱ्या सोडायच्या नाहीत.

आता वानरं. रामटेकची काळ्या तोंडाची वानरं शिकलेली आहेत. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो. माझ्या जावेच्या हातातून प्रसादाची पिशवी एका वानरानं अशी घेतली की जणू त्यानंच ठेवायला दिली होती. वर बसून नारळ हातात फिरवून पाहिला, चिरंजी टाकून दिली, केळी ठेवून घेतली. हातात काही दिसू द्यायचं नाही. सगळं चेन लावलेल्या पाठीवरच्या बॅगेत. पिशवी पकडलीच तर ओढाताण करू नका, सोडून द्या. डोळ्यांत डोळे घालून हसू नका, दात दिसले की त्यांना ते आव्हान वाटतं. खायला तर अजिबात घालू नका, त्यानंच ती इतकी निर्ढावली आहेत.

म्हणून खाणं खाली उतरल्यावरच. वर फक्त पाणी आणि खिशात मूठभर फुटाणे. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री आलेली असतात. नेली तर सालं परत आणायची.

उतरण्याआधी गुडघ्यांची चौकशी करा. खरंच दुखत असतील तर हट्ट नको. गाडीरस्ता मंदिराजवळपर्यंत येतो, ऑटोनं खाली जाता येतं. फेरा अर्धा सोडायची जागा कुठे आहे ते आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं की कोणाला कमीपणा वाटत नाही. बाकीच्यांनी गावाकडच्या पायऱ्यांनी उतरायचं: तिरपं पाऊल, काठी असेल तर आधी काठी खालच्या पायरीवर मग पाय, दर पन्नास-साठ पायऱ्यांना थांबा. उतरताना मोबाइल बॅगेत. पायऱ्या मोजत उतरायची पोरांची सवय चांगली आहे, लक्ष पायाकडे राहतं.

पाणी माणशी दीड लिटर, ऑक्टोबर असेल तर दोन. जुने, पायात बसलेले बूट. नवे बूट कोरे करकरीत आणायचे नाहीत. टोपी, रुमाल, गुडघ्याचा पट्टा वापरत असाल तर तो, आणि रोजच्या गोळ्या. आठ-पंधरा दिवस आधी नागपुरातल्याच सेमिनरी हिल्सचा चढ सकाळी दोन-चारदा चढून बघा. तिथे बोलत बोलत चढता आलं तर रामटेकची काळजी नाही.

बारापर्यंत गावात. तिथे आलूबोंडा आणि त्यावर हवी तेवढी तर्री घ्या, आता हरकत नाही. मग कोणीतरी म्हणतंच, "एवढं आलोच आहोत तर खिंडसीला बोटीत बसून येऊ." ज्यांना जायचं त्यांनी दुसऱ्या दिवशी या, किंवा थंडीत गाडीनं चारनंतर जा. भर दुपारी, थकलेल्या पायांनी नको. एसटीनं आला असाल तर चढायला निघण्यापूर्वीच स्टँडवर परतीच्या गाड्यांची वेळ विचारून कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद गटातल्या दोघींकडे ठेवा.