आयबीएस: कांदा-लसूण मसाला थांबवा, पण कायमचा नको

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: तपासणीत दोष दिसत नाही, पण पोट दुखतं, फुगतं, शौचाचं तंत्र बिघडतं. त्याचे पेशंट येतात ते जाडजूड फाइल घेऊनच. सोनोग्राफी नॉर्मल, कोलोनोस्कोपी नॉर्मल, आणि घरचे विचारतात, "रिपोर्टमध्ये काही नाही, मग दुखतंय कसं?" दुखतं, आणि खरंच दुखतं.

लहान आतड्यात न पचलेली काही कर्बोदकं मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस तयार होतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. पण आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. दुसऱ्याला कळणारही नाही एवढ्या गॅसने तुम्हाला कळ येते. अनेकांचा त्रास जुलाबाच्या एखाद्या आजारानंतर सुरू होतो. कॅनडातल्या वॉकर्टन गावात २००० साली पिण्याचं पाणी दूषित झालं, तेव्हा आजारी पडलेल्या बऱ्याच जणांना पुढे कित्येक वर्षं आयबीएसने छळलं.

म्हणून जिवाणूंना उपाशी मारायचं नाही. त्यांनी आंबवलेला कोणता पदार्थ तुम्हाला सोसत नाही, तेवढं शोधायचं.

त्याआधी डॉक्टर. शौचातून रक्त, घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवा. आपल्याकडे आतड्याचा टीबीही विसरून चालत नाही. आणि सीलिएकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी गहू खात असतानाच करून घ्या. गहू सोडून बरेच दिवस झाले की ती फसवी नॉर्मल येऊ शकते.

आता स्वयंपाकघर. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेली 'लो फॉडमॅप' पद्धत मी वापरते. फॉडमॅप म्हणजे वर सांगितलेली, नीट न पचता आंबणारी कर्बोदकं. चार ते सहा आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, सफरचंद, कलिंगड, आंबा, मध आणि शुगर-फ्री च्युइंगम बंद. भात, ज्वारीची भाकरी, भेंडी, वांगं, गाजर, काकडी, बटाटा, संत्रं, अंडी, मासे चालतात. तुरीऐवजी मूगडाळीचं पातळ वरण, तेही बेताने. मटण चालतं, त्रास रश्श्यातल्या वाटणाचा असतो.

आमच्याकडे खरी अडचण कांदा-लसूण मसाल्याची. तो आमटीत, उसळीत, पिठल्यात, सगळीकडे. तेवढे दिवस धणे, जिरे, तीळ, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी आणि मिरची भाजून वेगळा मसाला कुटा. लसणाचा वास हवाच असेल तर ठेचू नका. अख्ख्या पाकळ्या तेलात तांबूस करा आणि काहीही ओलं घालण्याआधी काढून टाका. लसणातलं त्रास देणारं कर्बोदक, फ्रुक्टन, पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे उकळलेल्या आमटीतून पाकळ्या वेचण्यात अर्थ नाही. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग घ्या.

बरं वाटायला लागलं की पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. या आहारात बिफिडोबॅक्टेरियासारखे उपयोगी जिवाणू घटतात, कारण आपण त्यांचंच खाणं बंद केलेलं असतं. तेव्हा परतीचा टप्पा टाळू नका. एका वेळी एकच पदार्थ: पहिल्या दिवशी अर्धी पोळी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन. मग दोन-तीन दिवस पुन्हा साधं जेवण आणि पुढचा पदार्थ. दूध, लसूण, कांदा, छोले, आंबा, सगळ्यांची पाळी वेगवेगळी. वहीत पोटदुखी, फुगणं आणि शौच कसं झालं ते लिहा. दूध बाधतं पण पोळी पचते, असं निघालं तर पोळी सोडायचं कारणच उरत नाही. थोडा कांदा सोसतो असं दिसलं तर तेवढा रोज खा.

मधुमेह, गरोदरपण किंवा आधीच कमी वजन असेल तर हे एकट्याने करू नका.

प्रोबायोटिक कॅप्सूलचा मी आग्रह धरत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही आयबीएससाठी त्या सुचवत नाहीत. इसबगोल मात्र जरूर घ्या. सुरुवातीला एक चमचा, भरपूर पाण्यात, आणि आठवड्याने वाढवा. गव्हाचा कोंडा त्याची जागा घेऊ शकत नाही, उलट त्याने पोट आणखी फुगतं.