इंटेल, एएमडी की एनव्हिडिया? शेअर तोलताना या चुका टाळा

तिन्ही कंपन्या चिप विकतात, म्हणून ज्याचा पीई (भाव भागिले प्रति शेअर कमाई) कमी तो शेअर स्वस्त, असं धरलं की हिशेब तिथेच चुकतो.

एएमडीचं २०२४ पाहा. लेखा-नियमांनुसार प्रति शेअर कमाई १ डॉलर; कंपनीने 'समायोजित' करून दाखवलेली ३.३१ डॉलर. शेअरचा भाव १२० डॉलर धरला तर पीई एकीकडे १२०, दुसरीकडे ३६. कारण २०२२ मध्ये एएमडीने झायलिंक्स ही चिप कंपनी विकत घेतली; त्या खरेदीची किंमत हप्त्याहप्त्याने नफ्यातून वजा होते. त्यात आज रोख जात नाही, म्हणून ती वजावट नफ्यात परत जमा करायला हरकत नाही. पण कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचे सुमारे १.४ अब्ज डॉलरही समायोजित आकड्यातून वगळलेले असतात. हा खराच खर्च आहे, कारण त्याने तुमचा हिस्सा पातळ होतो. साधारण १६४ कोटी शेअरने भागा: ८५ सेंट. ते वजा केले की कमाई २.४६, पीई ४९ (कराचा परिणाम सोडून). हाच आकडा धरा आणि एनव्हिडियालाही हीच कात्री लावा. तिचं आर्थिक वर्ष २०२५ मात्र २६ जानेवारी २०२५ लाच संपलं; ते एएमडीच्या २०२४ शी जुळवायचं.

इंटेलला २०२४ मध्ये तोटाच झाला, तिथे पीई निरुपयोगी. तिचे स्वतःचे कारखाने आहेत, म्हणून रोखीचं पत्रक उघडा: कामकाजातून ८.३ अब्ज डॉलर आले, कारखाने-यंत्रांवर जवळपास २४ अब्ज गेले. नफ्यातोट्याच्या पत्रकात हा खड्डा एकदम दिसत नाही. तो पुढची कित्येक वर्षं घसाऱ्यातून उतरतो.

एएमडी आणि एनव्हिडिया दोन्ही घेतल्या की जोखीम विभागली, हाही गैरसमज. दोघींच्या मुख्य चिप तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडेच बनतात.

न विकलेला माल तपासाच: साठा भागिले तिमाहीत विकलेल्या मालाचा उत्पादनखर्च, गुणिले ९०; म्हणजे साठा किती दिवसांचा ते कळतं. दिवस वाढताहेत आणि विक्री थबकली, तर मालाचे भाव पडतात, माल निर्लेखित होतो (त्याची किंमत तोटा म्हणून हिशेबातून काढावी लागते). २०२२ च्या उन्हाळ्यात गेमिंगची मागणी आटली तेव्हा एनव्हिडियाला एका तिमाहीत सुमारे १.३ अब्ज डॉलर मुख्यतः याच कारणाने सोसावे लागले. नवी चिप येण्याआधी साठा फुगणं मात्र स्वाभाविक. तेव्हा तयार माल वाढलाय की अर्धवट, ते पाहा.

भारतातून घेत असाल तर प्राप्तिकर विवरणाचा आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही. विदेशी मालमत्तेच्या 'एफए' परिशिष्टात जानेवारी ते डिसेंबरचे आकडे भरा, एप्रिल ते मार्चचे नव्हे.