विच बोल्ट खेळण्यालायक करायचा असेल तर

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलावर खेळायच्या रोलप्लेइंग गेमच्या २०१४ च्या नियमपुस्तकातला विच बोल्ट हा विजेचा स्पेल फार कोणी घेत नाही, कारण पहिल्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका कोटा) जातो, नेम लागला तरच १डी१२ (बारा बाजूंचा एक डाइस) म्हणजे सरासरी साडेसहा डॅमेज, आणि पुढे दर टर्नला तेवढ्यासाठीच अख्खी अ‍ॅक्शन खर्च. त्याच स्लॉटमध्ये मॅजिक मिसाइल न चुकता साडेदहा देतं.

नुसते डाइस वाढवत बसू नका, हे करा:

१. पुढच्या टर्नचं डॅमेज बोनस अ‍ॅक्शनवर (टर्नमधली मेन सोडून मिळणारी छोटी जादा संधी) टाका. खरं दुखणं इथेच आहे. आता विझार्ड एका हाताने वीज चालू ठेवतो आणि मेन अ‍ॅक्शनने वर फायर बोल्ट पण मारतो, टेबलवर जाम मजा येते
२. रेंज ३० फुटांची ६० करा, नाहीतर ओगर जरा मागे सरकला की स्पेल संपला
३. एवढ्यावर एक सेशन खेळा, तरी कमी वाटलं तर पहिला फटका २डी१२

२०२४ च्या पुस्तकातही हे तिन्ही बदल आहेत, त्यामुळे डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) पटवणं सोपं जातं.

फक्त एक सांभाळा, मोठा स्लॉट वापरला तरी जादा डाइस पहिल्या फटक्यालाच द्यायचे, कारण नंतरच्या डॅमेजला अटॅक रोल नसतो आणि बॉस उभ्या उभ्या संपतो. कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायला लक्ष टिकवायची अट) पण काढू नका.