बऱ्याच वर्षांनी कन्फेशनला जायचंय? आधी रात्रीची दहा मिनिटं काढा

आमच्या वसईत खूप जण ईस्टरच्या आधी वर्षातून एकदा कन्फेशनला, म्हणजे फादरांसमोर आपली पापं कबूल करून देवाची क्षमा मागायला, जातात. मीही तेच करायचे, रांगेत बसल्या बसल्या पापं आठवायची आणि आत जाऊन तीच चार वाक्यं, खोटं बोलले, रागावले, प्रार्थना केली नाही, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली, बाहेर आले की सगळं होतं तसंच. नंतर सहा वर्षं गेलेच नाही. परत कशी सुरुवात केली ते सांगते, कोणाला तरी उपयोग होईल.

कन्फेशनची तयारी रांगेत होत नाही, ती रोज रात्री घरी करायची. ही पद्धत लोयोलाच्या संत इग्नेशियसनी शिकवलेली, आपल्या संत फ्रान्सिस झेवियरांचे सोबती तेच. जेवणं, भांडी आवरली की मोबाईल लांब ठेवा, क्रूसाची खूण करा आणि आधी देवाचे आभार माना, पण नुसतं "सगळ्यासाठी थँक्यू" असं नको, आज नेमकं काय मिळालं ते सांगा, शेजारणीने आठवणीने आणून दिलेली भाजीसुद्धा. मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागा, कारण आपलंच मन आपल्याला फसवतं. मग सकाळपासूनचा दिवस हळूहळू डोळ्यासमोर आणा, कुठे मन देवाजवळ होतं, कुठे लांब गेलं. जिथे चुकलं तिथे माफी मागा, उद्यासाठी कृपा मागा आणि शेवटी "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणून झोपा. सुरुवातीला झोप येते, येऊ द्या, दुसऱ्या दिवशी परत बसायचं.

मी बसायला लागले तेव्हा चौथ्या-पाचव्या रात्रीच लक्षात आलं की दिवसातून कितीतरी वेळा माझ्या मनात भावाबद्दल काहीतरी कडू येतं. वाडीच्या कुंपणावरून आमचं बोलणं बंद होतं, आणि हे पाप आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं कारण माझ्या मते चूक त्याची होती!

आता प्रत्यक्ष कन्फेशन. जाळीमागे बसून करता येतं किंवा समोरासमोर, तुम्हाला बरं वाटेल तसं. ओळखीच्या फादरांसमोर लाज वाटत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या भागातल्या चर्चमध्ये, जा, त्यात काहीच गैर नाही. आत गेल्यावर क्रूसाची खूण, मग शेवटचं कन्फेशन कधी केलं ते सांगा, सहा वर्षं तर सहा वर्षं, लपवू नका. काय म्हणायचं ते विसरलं असेल तर सरळ सांगा, "फादर, मला आठवत नाही, मदत करा", ते करतात. गंभीर पापं असतील तर काय केलं आणि साधारण किती वेळा तेही सांगायचं असतं. मुद्दाम काही लपवू नका, पण खरंच काही विसरलं तर घाबरू नका, तेही क्षमेत येतं, गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगायचं.

आणि कृपा करून दुसऱ्यांची पापं सांगू नका. मी पहिली पाच मिनिटं भावाचंच सांगत होते, फादर शांत ऐकत होते, मग म्हणाले, "यात तुमचं काय?" मला रडू आलं, पण खरं कन्फेशन तिथूनच सुरू झालं.

बाहेर कळेल ही भीती खूप जणांना असते. फादरांना कन्फेशनमधली गोष्ट कधीच, कोणालाच सांगता येत नाही, पोलिसांना नाही, बिशपना नाही, स्वतःचा जीव वाचवायलासुद्धा नाही. जाणूनबुजून उघड केली तर ते आपोआप ख्रिस्तसभेतून, म्हणजे चर्चमधून, बहिष्कृत होतात, इतका कडक नियम आहे. पोप फ्रान्सिस स्वतः 2014 मध्ये व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये सगळ्यांसमोर गुडघे टेकून कन्फेशनला बसले होते, मग आपण कशाला लाजायचं.

फादर जे प्रायश्चित्त देतील ते शक्यतो त्याच दिवशी करा. मला तीन नमो मारिया (मारियामातेची प्रार्थना) आणि भावाच्या घरी जाऊन चहा पिऊन यायला सांगितलं. नमो मारिया लगेच झाल्या, चहाला तीन आठवडे लागले. कोणाचे पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर ती परत करायची हेही लक्षात ठेवा, नुसतं सांगून ते संपत नाही.

आता देवाची इच्छा कशी ओळखायची, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. 1521 साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला, बिछान्यावर पडून असताना त्यांना दिसलं की मानमरातबाची स्वप्नं बघताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांसारखं जगायचा विचार केला की आनंद नंतरही टिकतो. रात्री बसाल तेव्हा हेच बघा, विचार कसा वाटला यापेक्षा तो गेल्यावर मागे काय राहिलं. त्यांचा अजून एक नियम मला फार उपयोगी पडला, मन अंधारात असताना आधीचा चांगला निर्णय बदलायचा नाही. वडिलांची वाडी विकायची नाही हे आम्ही दोघांनी कधीच ठरवलं होतं, पण रागाच्या भरात मी माझा हिस्सा बिल्डरला द्यायला निघाले होते, कागदसुद्धा काढले होते. थांबले. आज त्या वाडीत केळी आहेत आणि पाणी भाऊ सोडतो.

तुमचा असा काही प्रश्न असेल तर आठवडाभर रोज रात्री तोच देवासमोर ठेवा, काय जाणवतं ते वहीत दोन ओळी लिहा, आणि मग ती वही घेऊन फादरांना किंवा एखाद्या जाणत्या सिस्टरना भेटा. फक्त त्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या, शनिवारच्या कन्फेशनच्या रांगेत नको, मागे माणसं ताटकळत असतात.